घर विकताना (५) : जिन्याचा भाव

जुना फ्लॅट विकायला काढला की मालक बहुधा आतून सुरुवात करतो. ओटा बदलतो, ट्रॉल्या बसवतो, हॉलला फॉल्स सीलिंग करतो. यातला बराचसा पैसा परत येत नाही, कारण नवा मालक आपल्या आवडीसाठी हे सगळं पुन्हा उखडणार असतो. जे त्याला एकट्याने बदलता येणार नाही ते मात्र उंबरठा ओलांडण्याआधीच त्याला दिसतं : फाटक, आवार, मीटरच्या पेट्या, जिना. मुंबई-पुण्याच्या सोसायटीत हा दर्शनी भाग कुणा एकाचा नसतो, म्हणून त्याकडे कुणीच बघत नाही; आणि सौदा ठरताना तो आतल्या सजावटीपेक्षा जास्त बोलतो, असं माझं म्हणणं आहे.

याचं कारण जॉर्ज अकरलॉफ या अर्थतज्ज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावरून मांडलं होतं. मालातली खोड विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. मग घेणारा सगळाच माल पाडून मागतो. स्लॅबमधली सळई गंजली आहे का, गच्चीचं वॉटरप्रूफिंग कधी झालं, हे अर्ध्या तासाच्या भेटीत कळत नाही, म्हणून गिऱ्हाईक दिसणाऱ्यावरून न दिसणाऱ्याचा अंदाज बांधतं. आणि तो अंदाज फारसा चुकीचाही नसतो. ड्रेनेजच्या पाइपामागे उगवलेल्या पिंपळाची मुळं भेग रुंद करतात, भेगेतून पाणी सळईपर्यंत पोचतं, गंजलेली सळई फुगते आणि वरचं काँक्रीट सुटून पडतं. ही साखळी गिऱ्हाइकाला सांगता येणार नाही; पण भाव पाडायला ती सांगावी लागत नाही.

अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरातल्या घरांची गूगल स्ट्रीट व्ह्यूवरची छायाचित्रं आणि त्यांच्या विक्रीच्या किमती यांचा मेळ घालून तिथल्या संशोधकांनी असं दाखवलं की, बाहेरून नीटनेटक्या घराला सुमारे सात टक्क्यांपर्यंत जास्त किंमत मिळते, आणि त्यातला साधारण तिसरा हिस्सा समोरच्या घराच्या रूपाचा असतो. ती अंगणवाली स्वतंत्र घरं. त्यांचा आकडा डोंबिवलीच्या इमारतीला लावू नये. पण शेजाऱ्याच्या दर्शनी भागाने आपला भाव हलत असेल, तर जिथे शेजारी त्याच भिंतीत राहतो तिथे तो कमी कसा हलेल?

यावर कुणी म्हणेल, रेडीरेकनर रंग बघत नाही. खरं आहे, पण त्याचं काम मुख्यतः मुद्रांक शुल्कासाठी, सौद्याचा आकडा दोन माणसं ठरवतात. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : ही रंगसफेदी म्हणजे खोड झाकणंच नाही का? गळती तशीच ठेवून वर रंग मारला तर नक्कीच. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे, साध्या पाहणीत न कळणारा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने सांगणं बंधनकारक आहे. शिवाय ओल्या भिंतीवरचा रंग पुढच्या पावसाळ्यात पोपडे धरतो. म्हणून आधी गळती, मग प्लास्टर, मग रंग. आणि सोबत स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर पाच वर्षांनी, त्यापुढच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी व्हायला हवं. अहवाल हातात असला की रंगाला काही अर्थ राहतो.

पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न सभेत हमखास येतो. त्याच उपविधींत बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाऊण टक्का दुरुस्ती निधीसाठी आणि पाव टक्का सिंकिंग फंडासाठी धरलेला आहे. मेंटेनन्स कमी ठेवल्याचा अभिमान बाळगणाऱ्या कमिट्या हाच पैसा गोळा करत नाहीत, आणि ती बचत प्रत्येक सभासद घर विकताना फेडतो. सभेचा ठराव होईपर्यंत जिन्यातले दिवे, लोंबणाऱ्या केबली आणि कठड्याला साखळीने बांधलेल्या गंजक्या सायकली एवढं तरी मार्गी लावता येतं.

हे सगळं लागू पडत नाही ते पुनर्विकासाच्या वाटेवरच्या इमारतीला. तिथे गिऱ्हाईक भिंती विकत घेत नाही, उद्याचं चटईक्षेत्र घेतं. अशा ठिकाणी जिना रंगवण्यापेक्षा जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का, हे दाखवणारा कागद किती तरी जास्त भाव आणतो. त्या कागदाचं, म्हणजे कन्व्हेयन्सचं, पुढच्या आठवड्यात बघू.