आहाराचा मतभेद आणि संवादाची मर्यादा

शाकाहाराच्या प्रश्नावर दोन सुजाण माणसांचे संभाषण बहुधा आहारापासून सुरू होते आणि चारित्र्यापाशी येऊन अडते. याचे कारण असे की, जीवदया, आरोग्य आणि कुळाची प्रतिष्ठा हे तीन स्वतंत्र मुद्दे आपल्या समाजात परस्परांत इतके गुंतून गेले आहेत, की बोलणारा पहिल्याविषयी कळकळीने बोलत असता ऐकणाऱ्याला तिसराच ऐकू येतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात अस्पृश्यतेच्या उगमाचा संबंध गोमांसभक्षणाशी जोडला आहे. अन्नावरून माणसाची पायरी ठरवण्याचा जाच ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसला, त्यांच्यासमोर सोवळ्याच्या भाषेत अहिंसेची वकिली करणे म्हणजे स्वतःचाच दावा कमकुवत करणे होय.

या बाबतीत गांधीजींच्या विद्यार्थिदशेतील एक प्रकरण मननीय आहे. लंडनच्या शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीवर ते असताना, संततिनियमनाच्या कृत्रिम साधनांचा पुरस्कार करणाऱ्या डॉ. अ‍ॅलिन्सन यांना मंडळातून दूर करावे, असा प्रस्ताव आला आणि मंडळाचे अध्यक्ष हिल्स हे त्याच मताचे होते. त्या साधनांविषयी गांधीजींचे मतही हिल्स यांच्याप्रमाणेच प्रतिकूल होते. तथापि मंडळाचा उद्देश शाकाहाराचा प्रसार एवढाच असल्याने, अन्य विषयांवरील मतासाठी सभासदाचा हक्क हिरावून घेणे अन्यायाचे आहे, असे त्यांनी लेखी मांडले. संकोचामुळे ते त्यांना वाचता येईना, म्हणून दुसऱ्याने वाचून दाखवले. अखेर त्यांचा पक्ष हरला. ज्याचे मत आपल्याला पटत नाही त्याच्याच हक्कासाठी उभे राहण्याची ही वृत्ती पुढेही टिकली. १९३१ साली गोलमेज परिषदेच्या निमित्ताने लंडनला गेले असता त्याच मंडळापुढे बोलताना, शाकाहाराचा पाया आरोग्यापेक्षा नीतीचा असावा, असे त्यांनी आग्रहाने सांगितले, आणि त्याच भाषणात शाकाहाऱ्यांच्या अंगी सहिष्णुता व थोडी नम्रता असली पाहिजे, असेही बजावले. निष्ठेची दृढता आणि वाणीचे सौजन्य या दोहोंत विरोध नाही, हेच यावरून सिद्ध होते.

ही रीत आपल्या खेड्यांनाही अपरिचित नाही. तुळशीची माळ घातलेला वारकरी मांसमद्य वर्ज्य करतो. पण त्याच्याच घरातील माळ न घेतलेल्या मंडळींसाठी जत्रेच्या दिवशी अंगणात निराळी चूल मांडली जाते आणि निराळ्या भांड्यात मटण शिजते. माळकरी आजोबा आपला नेम सोडत नाहीत, आणि नातवाचे ताट ओढूनही घेत नाहीत. कोकणातील सारस्वतांच्या घरी मासळी चालते, देशावरील ब्राह्मणांच्या घरी चालत नाही, आणि तरीही दोघेही आपापल्या रीतीने धर्माचरण करतात.

म्हणून ज्याला मांसाहाराविरुद्ध बोलावयाचे असेल, त्याने पशूच्या वेदनेविषयी जरूर आणि निर्भयपणे बोलावे, परंतु खाणाऱ्याच्या शुद्धाशुद्धतेविषयी चकार शब्द काढू नये. आणि ज्याला उत्तर द्यावयाचे असेल, त्याने समोरच्याची करुणा हे केवळ जातीच्या अहंकाराचे सोंग आहे, असे गृहीत धरू नये. दोन्ही पक्षांनी एवढे पथ्य पाळले, तर एकमत झाले नाही तरी मतभिन्नतेचा मान राहील, आणि आजच्या आपल्या समाजाला एकमतापेक्षा त्याची निकड अधिक आहे.