मानसशास्त्राचे विद्यार्थी आणि अध्यापनातील साहाय्य

मानसशास्त्र हा विषय घेऊन बी. ए. करणाऱ्या मुलामुलींना घरची मंडळी एक प्रश्न हमखास विचारतात : याचा उपयोग काय? पदवी हाती पडेपर्यंत तरी काही नाही, असे उत्तर मनाशी धरून अनेक विद्यार्थी सत्रामागून सत्र व्याख्याने ऐकत राहतात. वस्तुतः ज्या विषयात स्मरण, विस्मरण, सवय व प्रेरणा यांचाच अभ्यास होतो, त्या विषयाच्या विद्यार्थ्याकडे पदवीपूर्वीच इतरांस शिकण्यास मदत करण्याचे काम सोपविता येते. तसे ते सोपविले गेलेही आहे. त्याचा एक सुसंघटित प्रयोग मानसशास्त्राच्याच वर्गात झाला.

अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक फ्रेड केलर, त्यांचे सहकारी गिल्मर शर्मन आणि ब्राझीलचे रोदोल्फो आझी व कारोलिना बोरी या चौघांनी १९६३ मध्ये ही योजना आखली. ब्राझीलची नवी राजधानी ब्राझिलिया येथील विद्यापीठ नुकतेच, १९६२ मध्ये स्थापन झाले होते. तेथे जुन्या रूढींचा अडसर नव्हता. १९६४ मध्ये तेथे अभ्यासक्रम सुरू झाला. परंतु त्याच वर्षी देशात लष्करी राजवट आली, १९६५ मध्ये दोनशेहून अधिक अध्यापकांनी विद्यापीठ सोडले आणि तेथील काम खंडित झाले. योजना मात्र वाचली. १९६५ मध्येच अमेरिकेच्या ॲरिझोना राज्य विद्यापीठात केलर व शर्मन यांनी ती राबविली, आणि १९६८ साली केलर यांनी ‘गुड-बाय, टीचर’ या लेखात तिची हकिगत सांगितली.

योजना अशी. संपूर्ण अभ्यासक्रमाचे लहान लहान घटक पाडावयाचे. विद्यार्थ्याने प्रत्येक घटक आपल्या गतीने वाचावयाचा व तयारी झाली असे वाटले की छोटी लेखी चाचणी द्यावयाची. घटक पक्का झाल्याशिवाय पुढचा मिळत नाही; चाचणी फसली तरी गुण कापले जात नाहीत, पुन्हा वाचून पुन्हा यावे एवढेच. ही पद्धत कागदावर सोपी दिसते, पण शंभर विद्यार्थ्यांच्या शेकडो चाचण्या एकटा प्राध्यापक कशा तपासणार? येथे पदवीच्या विद्यार्थ्याचे काम सुरू होते. हाच अभ्यासक्रम आधी उत्तम रीतीने पूर्ण केलेले विद्यार्थी निवडले जात. त्यांना प्रॉक्टर म्हणत. आपण त्यांना विद्यार्थी-साहाय्यक म्हणू. साधारण दहा विद्यार्थ्यांमागे एक साहाय्यक असे. कामाबद्दल त्याला श्रेयांक मिळत.

साहाय्यक चाचणी तेथल्या तेथे, विद्यार्थ्याच्या समोर तपासतो. उत्तर चुकलेले दिसले तर ‘असे का लिहिलेस?’ म्हणून विचारतो, आणि विद्यार्थ्याला आपल्या उत्तराचे समर्थन करू देतो. कधी चूक विद्यार्थ्याची नसून प्रश्नाच्या मोघम शब्दरचनेची असल्याचे निघते. ते साहाय्यक प्राध्यापकांच्या कानावर घालतो. प्राध्यापकांसमोर तोंड न उघडणारा विद्यार्थी एक वर्ष पुढच्या मुलाजवळ आपले अज्ञान बिनदिक्कत कबूल करतो. प्रस्तुत लेखकाच्या मते या योजनेचे अर्धे यश येथेच आहे.

१९७९ मध्ये अमेरिकेतील जेम्स कुलिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ७५ तुलनात्मक अभ्यासांचा आढावा घेतला. या पद्धतीने शिकलेल्यांचे अंतिम परीक्षेतील गुण नेहमीच्या वर्गापेक्षा सरासरीने सुमारे आठ टक्क्यांनी अधिक भरले. १९८२ च्या त्यांच्या दुसऱ्या आढाव्यात शिकविणाऱ्या विद्यार्थ्यांचीही त्या विषयातील समज वाढल्याचे आढळले. अडचणी नव्हत्या असे नाही. स्वतःच्या गतीची मुभा मिळताच अनेक जण ‘उद्या पाहू’ म्हणत मागे राहत. शिवाय घटक व चाचण्या तयार करण्याचा भार मोठा. पुढे ही पद्धत मागे पडली त्याला ही कारणे होतीच.

विद्यार्थ्याने विद्यार्थ्यास शिकविणे ही कल्पना आपल्याकडे परकी नाही. मद्रासच्या लष्करी अनाथालयात १७८९ पासून काम करणारे अँड्र्यू बेल यांनी देशी शाळेतील मुले वाळूत अक्षरे गिरविताना पाहिली. आपल्या शिक्षकांनी ती रीत मनावर घेतली नाही, तेव्हा त्यांनी एका आठ वर्षांच्या मुलाकडे वर्ग सोपविला. तीच पद्धत पुढे इंग्लंडात ‘मद्रास पद्धती’ म्हणून पसरली. अलीकडचे उदाहरण मुंबई व वडोदऱ्याचे आहे. ‘प्रथम’ संस्थेच्या उपक्रमात माध्यमिक शिक्षण घेतलेल्या स्थानिक तरुणी, म्हणजे ‘बालसखी’, तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज सुमारे दोन तास शिकवीत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व सहकाऱ्यांच्या २००७ मधील निबंधानुसार मुलांची प्रगती लक्षणीय झाली. पण उपक्रम थांबल्यानंतर वर्षभरात तिचा बराच भाग ओसरला. अर्थात अशी मदत महिन्या-दोन महिन्यांचा उत्सव करून भागत नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही प्रशिक्षित शिक्षकांच्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांना शिकविण्यास प्रोत्साहन आहे. महाविद्यालयांनी प्रारंभ संख्याशास्त्रापासून करावा. कला शाखेतून आलेली मुले मध्यमान ओलांडून प्रमाण विचलनापाशी आली की धास्तावतात, आणि कित्येक हुशार मुलीसुद्धा एवढ्याच कारणाने विषय बदलतात. वरच्या वर्गातील दोन-तीन विद्यार्थी, आठवड्यातून दोन ठराविक तास, एक नोंदवही आणि जबाबदार प्राध्यापक एवढ्यावर हे काम सुरू होऊ शकते. शिक्षकाची रिकामी जागा भरण्यासाठी मात्र या मुलांना वापरू नये. त्यांच्या श्रमाचा मोबदला श्रेयांकाच्या किंवा मानधनाच्या रूपाने आधीच ठरवावा.

गावातील शाळांनी अशा विद्यार्थ्यांस बोलावल्यास एक मर्यादा ध्यानी ठेवावी. मानसशास्त्र शिकणारा म्हणजे मनोविकारांवर उपचार करणारा नव्हे. चिकित्सा मानसशास्त्रज्ञास १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद अधिनियमाखाली विहित पात्रता व नोंदणी लागते. शिकविताना एखादे मूल घरच्या मारहाणीविषयी बोलले, किंवा सतत गप्प व भेदरलेले दिसले, तर साहाय्यकाने स्वतः सल्ला न देता त्याच दिवशी मुख्याध्यापकांना कळवावे, आणि अन्यत्र त्याची वाच्यता करू नये.