सुटलेली रोजनिशी

१ जानेवारीस मोठ्या उत्साहानें आरंभिलेली रोजनिशी पुष्कळ घरीं संक्रांतीचा तीळगूळ संपण्यापूर्वींच थांबते. पुढें कांहीं महिन्यांनीं, कधीं कांहीं वर्षांनीं, ती वही पेटींत सांपडते. ती उघडतांच डोळ्यांत भरतात तीं कोरीं पानें. आणि मन खट्टू होऊन आपण वही पुन्हां मिटून ठेवितों. रोजनिशी आरंभावी कशी, हें विद्यार्थ्यांस नेहमींच सांगण्यांत येतें. सुटलेली रोजनिशी पुन्हां हातीं कशी धरावी, याविषयीं येथें चार शब्द लिहावयाचे आहेत.

प्रथम ती सुटते कां, तें पाहूं. वेळ मिळत नाहीं, हें कारण सर्वांच्याच तोंडीं असतें. परंतु आपल्याच जिल्ह्यांतील एक उदाहरण पाहा. सहलीस सेवाग्रामीं गेलेल्या विद्यार्थ्यांनीं महादेवभाईंची कुटी पाहिली असेलच. गांधीजींचे चिटणीस महादेवभाई देसाई यांनीं १९१७ च्या नोव्हेंबरांत रोजनिशी लिहावयास घेतली. १५ ऑगस्ट १९४२ रोजीं बंदिवासांत त्यांचें निधन झालें. मधल्या सुमारें २५ वर्षांत त्यांनीं लिहिलेल्या वह्यांचे पुढें अनेक खंड छापून निघाले. १९३६ सालीं गांधीजी शेगांवीं राहावयास गेले. याच शेगांवास पुढें सेवाग्राम हें नांव मिळालें. त्या सुमारास महादेवभाई वर्ध्यास मगनवाडींत राहत व तेथून पायीं शेगांवास जाऊन येत. ती चाल जाऊनयेऊन सुमारें ११ मैलांची, आणि उन्हाळा वर्ध्याचा! शिवाय पत्रव्यवहार व ‘हरिजन’ पत्राचें लेखन होतेंच. अशा मनुष्यास लिहावयास वेळ सांपडला. तेव्हां आपण वेळेवर सगळा दोष टाकणें बरें नव्हे.

खरें कारण निराळें आहे. पहिल्या दिवशीं आपण दोन पानें भरून काढितों. मग दोनच ओळींचा दिवस आला कीं लिहावयाची लाज वाटते. एक दिवस चुकला, तर तो उद्यां भरून काढूं असें म्हणतों. दोनाचे चार, चाराचे आठ दिवस होतात. ऋण वाढत जातें आणि अखेर सावकाराचें तोंड चुकवावें तसें आपण वहीचें तोंड चुकवूं लागतों.

या लाजेनें खचून जाण्याचें कारण नाहीं. १७५५ सालीं इंग्रजी भाषेचा सुप्रसिद्ध कोश प्रसिद्ध करणारे डॉ. जॉन्सन यांनीं आपण बाराचौदा वेळां रोजनिशी आरंभिली पण ती टिकली नाहीं, असें आपले चरित्रकार बॉस्वेल यांस मोकळेपणीं सांगितलें. तरीहि बॉस्वेल यांनीं ती ठेवावीच असा त्यांचा उपदेश होता. जें लिहावयाचें तें ताजें असतांनाच लिहावें, कारण आठवड्यानंतर तें तसें राहत नाहीं, असें ते म्हणत. सॅम्युअल पीप्स या दुसऱ्या इंग्रज गृहस्थानें साडेनऊ वर्षें लिहिलेली रोजनिशी १६६९ च्या मे महिन्याच्या अखेरीस, डोळे जातील या भीतीनें थांबविली. डोळे गेले नाहींत. १६८३ सालीं टँजिअरच्या प्रवासास निघतांना त्यानें पुन्हां रोजनिशी धरिली, आणि ती त्या प्रवासापासूनच लिहिली.

मला स्वतःस हा धडा घरींच मिळाला. माझे वडील हिंगणघाट तालुक्यांतील शेतकरी. रोजकीर्दीच्या वहींत ते मजुरी, कापसाची वेचणी व पाऊस यांच्या नोंदीबरोबर घरची एखादी ओळ लिहीत. आई आजारी पडली आणि वही बंद झाली. पौषापासून श्रावणापर्यंतचीं पानें कोरीं राहिलीं. आई गेल्यानंतर एका सायंकाळीं वडिलांनीं ती वही काढिली. मी तेव्हां शाळेंत होतों. मीं विचारिलें, “बाबा, हीं पानें आठवून भरूं का?” ते म्हणाले, “पडून गेला पाऊस मागून मोजता येते का, बाबू? आज पडला तो लिही.” मग त्यांनींच लेखणी घेतली आणि लिहिलें: “पाऊस बरा. पऱ्हाटी निंदली. घरीं दोघेच.”

त्यांच्या बोलण्याचा अर्थ मला पुढें कळला. पर्जन्यमापकांतील पाणी ज्या त्या दिवशींच मोजावें लागतें. चुकलेल्या दिवसाच्या जागीं अदमासानें आंकडा घातला, तर बाकीच्या खऱ्या आंकड्यांवरचाहि विश्वास उडतो. रोजनिशीचेंहि तसेंच आहे. कोरें पान लाजिरवाणें नाहीं. त्या दिवशीं लिहिणें झालें नाहीं, एवढें तें खरेपणानें सांगतें.

म्हणून ज्यांची वही सुटली असेल त्यांनीं मागचीं पानें भरण्याच्या भरीस पडूं नये. आजची तारीख घालावी. पहिला महिनाभर तीन ओळींहून अधिक लिहूं नये. एक ओळ केलेल्या कामाची, एक पाहिलेल्या वस्तूची, एक घरांतील माणसाच्या बोलण्याची. वही पेटींत न ठेवितां अंथरुणाजवळ ठेवावी आणि रात्रींच्या जेवणानंतर लिहावें, म्हणजे वेळ शोधावी लागत नाहीं. पुन्हां खंड पडला, तर पुन्हां त्या दिवसाचीच तारीख घालावी.

आईच्या अखेरच्या महिन्यांतील तिचें बोलणें मला आज फार थोडें आठवतें. तीं पानें आतां कोणासहि भरतां येणार नाहींत. परंतु त्या सायंकाळीं वडिलांनीं वही पुन्हां धरिली, म्हणून त्यापुढचीं नऊ वर्षें, त्यांच्या स्वतःच्या अखेरच्या आठवड्यापर्यंतचीं, आमच्या घरीं त्यांच्याच अक्षरांत शाबूत आहेत.