साक्षीचा शब्द आणि चुकीचा विमा

विमा म्हटला की आपल्याला आयुष्याचा विमा आठवतो. फार तर मोटारीचा. पण धंद्यात हातून घडणाऱ्या चुकीचाही विमा उतरवता येतो. अमेरिकेत साक्षी टिपून घेणारे पुष्कळ लघुलेखक स्वतंत्र व्यवसाय करतात. त्यांच्यासाठी असा विमा असतो. चुकीच्या टिपणामुळे पक्षकाराचे नुकसान झाले व त्याने भरपाई मागितली, तर ठरल्या मर्यादेपर्यंत कंपनी ती भरते. जाणूनबुजून केलेल्या लबाडीला मात्र त्यात थारा नाही.

मग अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या कोर्टातील स्टेनोला हा विमा का लागत नाही? तो कोर्टाचा नोकर असतो. न्यायाधीश सांगतात ते तो उतरवून घेतो आणि नोंदीवर सही न्यायाधीशांची होते. सद्भावनेने केलेल्या न्यायकार्याबद्दल न्यायाधीशांवर भरपाईचा दावा चालत नाही. हे संरक्षण 1850 च्या कायद्यापासूनचे आहे. दुसऱ्याचे नुकसान व्हावे म्हणून खोटी नोंद करणारा लोकसेवक मात्र गुन्हेगार ठरतो.

म्हणजे साध्या चुकीची भरपाई येथे मिळायची नाही. मग साक्षीदाराने काय करावे?

समजा, सत्र खटल्यात दर्यापूरकडचा शेतकरी सांगतो, "माहं वावर तठीच हाय." वऱ्हाडीशी परिचय नसलेल्या न्यायाधीशांनी "माझा वावर तिथेच आहे" असे लिहवले, तर शेताचा धनी त्या जागी नेहमी फिरणारा इसम होऊन बसतो! पुढे अपील नागपूर खंडपीठापुढे जाते. तेथे एरवी साक्षीदाराला पुन्हा बोलावीत नाहीत. हाच कागद वाचला जातो.

कायद्याने यावर उपाय ठेवला आहे. फौजदारी खटल्यात साक्ष पुरी झाली की ती आरोपी किंवा त्याचा वकील यांच्यासमक्ष साक्षीदाराला वाचून दाखवायची व जरूर तर दुरुस्त करायची असते. दुरुस्ती न करता साक्षीदाराचा आक्षेपही नोंदवता येतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनेही ही तरतूद कायम ठेवली आहे.

तेव्हा वाचन चालू असता एस.टी.ची वेळ क्षणभर विसरावी, कान कागदाकडे द्यावा. शब्द खटकला तर सहीपूर्वीच म्हणावे, "साहेब, वावर म्हणजे शेत." या विम्याला हप्ता पडत नाही.