परसातले शेजारी

भाद्रपद लागला, की सिल्वासातील आमच्या घराचे परस ओळखू येईनासे होते. जूनपासून कोसळणारा पाऊस थोडा विसावलेला असतो, दमणगंगेच्या खोऱ्यावर मधूनच लख्ख ऊन पडते आणि तेरडा, जास्वंद, कर्दळ यांच्या रंगांना भेंडीची पिवळी फुले साथ देतात. भेंडी जास्वंदीच्याच कुळातील. तिचे तांबड्या डोळ्याचे फूल ज्याने न्याहाळले, तो तिला निव्वळ भाजी म्हणणार नाही. शोभेचे आणि खाण्याचे असा भेद आपल्या परसाने कधी फारसा मानला नाही. डॉक्टरने मात्र तो मानावा, हा धडा मला घरातच मिळाला.

ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचे वर्ज्य; म्हणून ऋषीच्या भाजीत सारे हाताने पिकविलेले: अळू, भेंडी, लाल माठ, पडवळ, दोडका, मक्याचे कणीस. काही वर्षांपूर्वी सौ.ने सुटीला आलेल्या सहा वर्षांच्या भाच्याला अळूची पाने आणावयास पाठविले. त्याने शेजारच्या कुंडीतील रंगीत कॅलॅडियमची पाने आणली, आणि वाटेत एक देठ चावूनही पाहिला. क्षणार्धात रडारड, लाळ आणि सुजलेले ओठ! तोंड धुऊन थंड दूध दिले आणि तेवढ्यावर निभावले. पण सूज घशापर्यंत गेली तर श्वास अडतो, हे ठाऊक असल्यामुळे तो तास मला फार मोठा वाटला.

अळू आणि कॅलॅडियम एकाच कुळातील. दोघांच्याही पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. अळू आपण चिंच घालून, मऊ होईतो शिजवून खातो. शोभेच्या भावंडाला मात्र स्वयंपाकघरात प्रवेश नाही. दिवाणखान्यातील डिफेनबेकियाचीही हीच कथा.

याच दिवसांत कुंपणावर कळलावी फुलते. तिच्या ज्वाळेसारख्या पाकळ्यांमुळे तिला अग्निशिखा म्हणतात. कोकणात गौरीच्या सजावटीत तिला मान आहे. तिच्या नांगराच्या आकाराच्या कंदावरून संस्कृतात ती लांगली झाली. हा कंद रताळे किंवा कोनफळ समजून खाल्ला गेल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात आहेत. त्यात कोल्चिसिन असते, वातरक्तावर आपण मोजून देतो तेच. विषबाधेची सुरुवात उलट्या-जुलाबांनी होते, आणि पावसाळ्यात प्रत्येक दवाखान्यात तशा रुग्णांची रांगच असते. रुग्णाला सलाइन लावून बरे वाटले म्हणून घरी पाठवावे, आणि दोन-तीन दिवसांनी रक्तपेशी घटून अनेक अवयव निकामी होऊ लागावेत, असा हा कावेबाज आजार आहे. सहज मिळणारा उतारा त्यावर नाही.

दुसरी शेजारीण म्हणजे पिवळी कण्हेर, आपली बिट्टी. तिच्या बियांशी आपल्यातील कित्येक जण लहानपणी खेळले असतील. त्या बियांतील द्रव्ये डिजिटॅलिससारखी हृदयावर चाल करतात; नाडी मंदावते, हृदयाचा ताल बिघडतो, रक्तातील पोटॅशियम वाढते. श्रीलंकेत या विषबाधेवर डिगॉक्सिनविरोधी प्रतिपिंडांची चाचणी झाली आणि तिचे अनुकूल निष्कर्ष २००० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु ते औषध इतके महाग, की आपल्यासारख्या ठिकाणी वेळेवर काढलेला ईसीजी हाच मोठा आधार.

मग परस सिमेंटने झाकून टाकावे काय? मुळीच नाही. बाजारात कर्टोली आणि बांबूचे कोवळे कोंब घेऊन बसणाऱ्या वारली भगिनींकडे पाहावे. बांबूचा कोंब उकळून त्याचे पाणी फेकावे लागते, हे त्यांना पुस्तकाविना ठाऊक असते. कारण कोंबाच्या कच्चेपणी त्यात सायनाइड देणारे द्रव्य असते. वनस्पतीशी भीतीने नव्हे, ओळखीने वागावे, हे शहाणपण त्यांच्या टोपलीत आहे. आपण नवी झाडे रोपवाटिकेतून आणली. ओळख करून घ्यावयाची तेवढी राहिली.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, दोनच विनंत्या. घरी शोभेच्या कुंड्या अळूच्या वाफ्यापासून आणि मुलांच्या हातापासून दूर ठेवाव्यात. आणि दवाखान्यात, उलट्यांचा किंवा मंद नाडीचा रुग्ण समोर आला, की ‘काय खाल्ले?’ या प्रश्नापाशी न थांबता ‘कोणत्या झाडाचे? त्याची फांदी आणता का?’ असेही विचारावे. त्या एका फांदीने निदान उलटू शकते.

आमच्या भाच्याला अळू आता अचूक ओळखता येते. कॅलॅडियमची कुंडी आम्ही टाकली नाही. फक्त तिची जागा बदलली.