संवेदनशील मजकूर वगळण्याची संगणकीय साधने आणि मराठी दस्तऐवज

प्रस्तावना

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अमलात आल्यापासून अनुदानित महाविद्यालयांना आपले अभिलेख अर्जदारास उपलब्ध करून द्यावे लागतात. त्याच अभिलेखांत विद्यार्थी, परीक्षक व तक्रारदार यांची खासगी माहितीही असते. या दोहोंचा मेळ अधिनियमाच्या कलम १० ने घातला आहे. उघड करता न येणारा भाग वेगळा काढून उर्वरित भाग देता येतो. मात्र तो का वगळला व निर्णय कोणी घेतला, हे अर्जदारास कळवावे लागते. सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय (२०११) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परीक्षार्थीस स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क मान्य केला आणि परीक्षकाची ओळख पटवणारा भाग याच कलमानुसार वगळण्यास सांगितले. हे वगळण्याचे काम संगणकावर कसे होते आणि मराठी दस्तऐवजांत ते कोठे फसते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

झाकणे आणि काढून टाकणे

कागदावर काळ्या शाईने मजकूर खोडून त्याची छायाप्रत काढली की काम भागत असे. संगणकीय दस्तऐवजात अक्षरांवर काळा चौकोन काढला, तरी खालची अक्षरे फाईलमध्ये तशीच राहतात. २००५ मध्ये इराकमधील इटालियन अधिकारी निकोला कालिपारी यांच्या मृत्यूविषयीचा अमेरिकी लष्कराचा अहवाल असाच प्रसिद्ध झाला. त्यातील काळ्या पट्ट्यांखालचा गोपनीय मजकूर वाचकांनी केवळ नक्कल करून दुसऱ्या फाईलमध्ये उतरवून घेतला.

वगळण्याची खरी साधने दोन टप्प्यांत काम करतात. प्रथम मजकुरावर खूण केली जाते. नंतर मूळ फाईल अबाधित ठेवून नवी प्रत तयार होते आणि तिच्यातून तो मजकूर कायमचा जातो. मायक्रोसॉफ्टने वर्ड २००३ साठी असे पूरक साधन दिले होते. अ‍ॅडोबी अ‍ॅक्रोबॅटच्या व्यावसायिक आवृत्तीत ही सोय २००६ पासून आहे. विनामूल्य लिबरऑफिसमध्ये ती २०१९ मध्ये आली. तेथे अंतिम पीडीएफ चित्ररूप असल्याने तीतून अक्षरे उचलता येत नाहीत. २०२० च्या आवृत्तीत दिलेले शब्द आपोआप शोधून झाकण्याची सोयही जोडली गेली.

मराठी मजकुरातील अडचणी

ही स्वयंचलित सोय मराठीत पुरेशी ठरत नाही. विभक्तिप्रत्यय लागताना मराठी नामाचे सामान्यरूप होते, आणि संगणक मात्र दिलेली अक्षरेच शोधतो. 'बुलढाणा' शोधल्यास 'बुलढाण्यात' सापडत नाही. 'मलकापूर' शोधल्यास 'मलकापुरात' सुटते. 'नांदुरा' शोधल्यास 'नांदुऱ्याहून' तसेच राहते. शिवाय जिल्ह्याचे नाव 'बुलडाणा' असेही लिहिले जाते. आडनावांचीही हीच स्थिती आहे. 'पाटील' सर्वत्र झाकले, तरी 'पाटलांनी' उघडेच राहते. यास्तव न बदलणारा भाग शोधावा लागतो. पण 'पाट' शोधले की 'पाटबंधारे'ही येते. म्हणून प्रत्येक ठिकाणी माणसानेच निर्णय घेणे भाग आहे.

दुसरी अडचण जुन्या टंकांची आहे. कृतिदेव, शिवाजी आदी टंकांत पडद्यावर देवनागरी दिसते, पण फाईलमध्ये रोमन अक्षरांचे संकेत असतात. युनिकोडमध्ये टंकित केलेला शब्द अशा फाईलमध्ये सापडत नाही. उलट, कोणीही तो मजकूर उचलून रूपांतरकाने वाचू शकतो.

तिसरी अडचण भाषेपलीकडची आहे. लहान गावाचे नाव, इयत्ता आणि वर्ष एवढ्यावरूनही व्यक्ती ओळखता येते. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या अधिनियमाचे कलम १६ तक्रारदार महिलेचे नाव, पत्ता व ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई करते. अशा प्रकरणी नाव काढून विभाग आणि वर्ग तसाच ठेवला, तर कायद्याचा हेतू साधत नाही.

कार्यपद्धती

काम नेहमी प्रतीवरच करावे. मजकूर जुन्या टंकात असल्यास तो आधी युनिकोडमध्ये आणावा. फाईलमधील लेखकाचे नाव, शेरे आणि दुरुस्त्यांचा मागोवा काढून टाकावा. झाकलेल्या जागा एकसमान ठेवाव्यात. पट्टीच्या लांबीवरून नावाचा अंदाज बांधता येतो. आधारच्या प्रतीत पहिले ८ अंक झाकावेत. शेवटी तयार प्रतीतील सर्व मजकूर उचलून कोऱ्या फाईलमध्ये उतरवून पाहावा, आणि प्रकरणाशी संबंध नसलेल्या सहकाऱ्याऐवजी माहिती पाहण्याचा अधिकार असलेल्या दुसऱ्या व्यक्तीकडून ती प्रत वाचून घ्यावी.

समारोप

साधन हाती आले की अधिक झाकण्याचा मोहही होतो. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ मुळे कलम ८(१)(जे) मध्ये झालेला बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आला आणि वैयक्तिक माहितीची सूट अधिक व्यापक झाली. तरीही व्यापक जनहितासाठी माहिती देण्याची कलम ८(२) मधील तरतूद कायम आहे. खर्चाचा तपशील किंवा निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याचे पदनाम झाकणे म्हणजे अर्जदाराचा हक्क नाकारणेच होय. कोणता शब्द विद्यार्थिनीचे रक्षण करतो आणि कोणता केवळ कार्यालयाचे, हा भेद संगणकास कळत नाही. तो करण्याची जबाबदारी दस्तऐवजावर स्वाक्षरी करणाऱ्याचीच राहते.