परदेशी रस्त्यावरचा दंड

परदेशात गाडी चालवणाऱ्या माणसाला तिथला वाहतूक कायदा पूर्णपणे लागू होतो. तो पर्यटक आहे, चार दिवसांसाठी आला आहे किंवा पाटी त्याला वाचता आली नाही, यांपैकी कोणत्याही कारणाने दंड टळत नाही. फरक पडतो तो वसुलीत. स्थानिक रहिवाशाचा पत्ता, परवाना आणि बँकखाते सरकारला ठाऊक असते, पाहुण्याचे नसते. म्हणून बहुतेक देशांनी पाहुण्यांसाठी वसुलीची वेगळी वाट ठरवली आहे. कुठे रक्कम जागेवर भरावी लागते, कुठे ती भाड्याच्या गाडीच्या कंपनीमार्फत माणसाला शोधत घरी येते, तर कुठे थेट न्यायालयाची तारीख पडते. ही वाट आधी ठाऊक असली की दंड हा नुसता खर्च राहतो. ठाऊक नसली की त्याचे प्रकरण होते.

पहिला प्रश्न परवान्याचा. भारतीय परवान्यावर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढता येतो आणि तो एक वर्ष चालतो. तो मूळ परवान्याची जागा घेत नाही. दोन्ही कागद आणि पासपोर्ट जवळ असावे लागतात. इंटरनेटवर ‘आंतरराष्ट्रीय लायसन’ विकणारी खासगी संकेतस्थळे आहेत, त्यांच्या कार्डाला कायद्यात किंमत नाही. थायलंडमध्ये स्कूटर भाड्याने घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी: परवान्यावर दुचाकीचा वर्ग नसेल तर तिथे तो परवाना नसल्यासारखाच. असा दंड तुलनेने थोडा असतो, पण अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. ते नुकसान दंडाच्या कितीतरी पट असते.

पोलिसाने गाडी थांबवल्यावर काय करायचे, याचे संकेत देशोदेशी वेगळे आहेत. आपल्याकडे गाडी बाजूला घेऊन चालक खाली उतरतो आणि कागद घेऊन पोलिसाकडे जातो. त्यात अदबच असते. अमेरिकेत हीच कृती धोक्याची समजली जाते. तिथे गाडी उजव्या कडेला थांबवावी, इंजिन बंद करावे, काच खाली करावी, रात्र असेल तर आतला दिवा लावावा आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवून जागेवरच बसून राहावे. कागद डॅशबोर्डच्या कप्प्यात असतील तर आधी तसे सांगावे, मगच हात न्यावा. पोलिसांकडे बंदूक असते, आणि चालकाकडेही असू शकते हे गृहीत धरूनच ते गाडीजवळ येतात. या साऱ्या शिस्तीमागे तेच कारण आहे.

पोलीस तिकीट, म्हणजे चलन, देतो आणि अनेक राज्यांत त्यावर सही मागतो. ती सही गुन्ह्याची कबुली नसते. ठरलेल्या मुदतीत दंड भरू किंवा न्यायालयात हजर होऊ, एवढेच ती सांगते. दुर्लक्ष केले तर परवाना निलंबित होऊ शकतो आणि वॉरंटही निघू शकते. वेगाची चूक किरकोळच असते असेही नाही. व्हर्जिनिया राज्यात मर्यादेपेक्षा ताशी 20 मैल जास्त किंवा 85 मैलांच्या वर गाडी नेली तर तो फौजदारी गुन्हा ठरतो, आणि त्यासाठी बारा महिन्यांपर्यंत कैद व 2500 डॉलरपर्यंत दंडाची तरतूद आहे. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल अटक झाली, तर खटल्याचा निकाल लागण्याआधीच व्हिसा रद्द होऊ शकतो. तिथे नोकरी किंवा शिक्षणासाठी गेलेल्या मराठी तरुणांनी ही गोष्ट पक्की लक्षात ठेवावी.

युरोपात पोलिसाची गाठ पडते कमी, कॅमेऱ्याची जास्त. भारतीय पर्यटकांना सर्वांत जास्त चकवतो तो इटलीचा ‘झेडटीएल’, म्हणजे मर्यादित वाहतुकीचा विभाग. रोम, फ्लॉरेन्स, पिसा, सिएना अशा जुन्या शहरांच्या मध्यभागात परवानगी नसलेल्या गाड्यांना ठरावीक वेळी मज्जाव असतो. फाटक नसते, शिपाई नसतो. लाल कडेचे पांढरे वर्तुळ असलेली पाटी आणि नंबर प्लेट टिपणारा कॅमेरा, एवढेच असते. विजेच्या फलकावर ‘वार्को आत्तीवो’ अशी अक्षरे दिसली तर बंदी चालू आहे असे समजावे. ती अक्षरे वाचून प्रवेश खुला आहे अशा समजुतीने अनेक जण आत शिरतात. हॉटेल अशा विभागात असेल तर खोली घेतानाच त्यांना गाडीचा नंबर द्यावा. अनेक शहरांत हॉटेल तो पालिकेकडे नोंदवून प्रवेशाची परवानगी मिळवू शकते.

दंडाचा पुढचा प्रवास सावकाश होतो. नोटीस प्रथम गाडीच्या मालकाकडे, म्हणजे भाड्याच्या कंपनीकडे जाते. कंपनी चालकाचे नाव-पत्ता कळवते आणि त्या कामाचे शुल्क क्रेडिट कार्डावरून कापते. घरी परतलेला प्रवासी ही रक्कम म्हणजेच दंड असे समजून निश्चिंत होतो, आणि काही महिन्यांनी पुण्या-मुंबईच्या पत्त्यावर खरा दंड येऊन पडतो. परदेशातील रहिवाशाला नोटीस पाठवायला इटलीचा कायदा 360 दिवसांची मुदत देतो. झेडटीएलचा दंड 83 युरोंपासून सुरू होतो. नोटीस मिळाल्यापासून पाच दिवसांत भरला तर त्यावर 30 टक्के सूट मिळते. 60 दिवस उलटले तर तो दुप्पट होतो, वर टपाल आणि कारवाईचा खर्च. दंड मान्य नसेल तर प्रीफेक्ट या सरकारी अधिकाऱ्याकडे किंवा स्थानिक न्यायाधीशाकडे दाद मागता येते. मात्र एकदा पैसे भरले की तो हक्क संपतो, म्हणून निर्णय आधी घ्यावा. भाड्याचा करार आणि कार्डाचे हिशेब निदान वर्षभर फाडू नयेत.

ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमध्ये महामार्गाच्या टोलचे स्टिकर किंवा त्याची ऑनलाइन नोंद नसणे हे दंडाचे नेहमीचे कारण. स्वित्झर्लंडमध्ये वर्षाच्या स्टिकरला 40 फ्रँक पडतात. नसेल तर ते घ्यावे लागतेच, शिवाय दंड 200 फ्रँक. फिनलंडमध्ये वेगाच्या मोठ्या उल्लंघनाचा दंड उत्पन्नावर ठरतो. 2023 मध्ये तिथल्या ओलांड बेटांवर 50 च्या मर्यादेत 82 च्या वेगाने जाणाऱ्या एका उद्योजकाला 1,21,000 युरो भरावे लागले.

आखातातली पद्धत वेगळी. संयुक्त अरब अमिरातीत दंड गाडीच्या आणि चालकाच्या संगणकीय नोंदीवर चढतो. तो भरल्याशिवाय गाडीच्या नोंदणीचे, म्हणजे ‘मुल्किया’चे, नूतनीकरण होत नाही. दंडासोबत काळे गुणही जमतात आणि ते 24 झाले की परवाना निलंबित होतो. गाडी चालवताना फोन हातात धरल्यास 800 दिरहॅम आणि चार गुण. सिग्नल तोडल्यास 1000 दिरहॅम आणि बारा गुण, शिवाय गाडी जप्त. पर्यटकाच्या भाड्याच्या गाडीवरचा दंड कंपनी त्याच्या अनामत रकमेतून किंवा कार्डावरून वळता करते. दुबईत वेगमर्यादेवर ताशी 20 किलोमीटरची सवलत असते, पण 2018 पासून अबुधाबीत ती नाही. एकाच महामार्गाने जाणारा चालक इथे नेमका फसतो. रस्त्यावर अश्लील खूण करणे किंवा शिवी देणे हा तिथे फौजदारी गुन्हा आहे.

सर्वांत मोठी चूक मात्र ‘इथेच मिटवून टाकू’ म्हणण्याची. सिंगापूरमध्ये लाच देऊ करण्याला एक लाख सिंगापूर डॉलरपर्यंत दंड, पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शंभर डॉलरचे चलन चुकवायला जाऊन तुरुंग ओढवून घेण्यात काहीच शहाणपणा नाही. ब्रिटन, जर्मनी आणि फ्रान्समध्ये पोलीस पाहुण्याकडून जागेवर रक्कम किंवा अनामत घेतात हे खरे. ती वसुली कायदेशीर असते आणि तिची पावती मिळते. जपानमध्ये रस्त्यावरचा पोलीस रोख रक्कम स्वीकारत नाही, दंड बँकेत किंवा टपाल कार्यालयात भरावा लागतो. कुठेही कोणी पावतीशिवाय पैसे मागत असेल, तर नम्रपणे पोलीस ठाण्यात चलन करण्याची विनंती करावी. दंडाच्या नावाने मोबाइलवर येणाऱ्या दुव्यांवरून पैसे भरू नयेत. नोटिशीचा क्रमांक त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर तपासून मगच भरावेत.

भारतीय दूतावास कोणाचाही दंड माफ करू शकत नाही. पण अटक झाली, तर आपल्या दूतावासाला कळवण्याची मागणी करण्याचा हक्क 1963 च्या व्हिएन्ना कराराने प्रत्येक परदेशी नागरिकाला दिला आहे, आणि तो हक्क सांगणे हे अटक करणाऱ्या अधिकाऱ्यांचे काम आहे.